इंग्लंडच्या गावांची नावं उलगडून सांगणारा फुकटचा नकाशा : सोलापुरात बसून वापरला, त्याचा रिव्ह्यू

निकाल आधीच सांगून टाकतो, ज्याला वेळ आहे त्यानं खाली वाचत जावं. ‘की टू इंग्लिश प्लेस-नेम्स’ नावाची एक वेबसाइट आहे, नॉटिंगहॅम युनिव्हर्सिटीतल्या नावांचा अभ्यास करणाऱ्या लोकांनी केलेली. इंग्लंडमधली शहरं, गावं, खेडी यांच्या नावांचा अर्थ तिथं नकाशावर बघता येतो, पैसे लागत नाहीत, आणि गावांच्या नावांची ज्याला थोडी जरी ओढ आहे त्यानं ती उघडलीच पाहिजे. माझ्याकडनं पाचपैकी पाच स्टार, आणि हे मी मनापासून देतोय.

आता सोलापूरच्या माणसाचा इंग्लंडच्या खेड्यांशी काय संबंध, तर कसंय, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात एक्सपोर्टचे कागद बघतो. चादर आणि टेरी टॉवेल म्हणजे आमचं सोलापूर, हे सांगायची गरज नाही, पण त्यातला बराच माल बाहेर जातो आणि इंग्लंडला जायच्या कार्टनवर जे पत्ते चिकटतात ते वाचत बसायची मला सवय आहे. ओडबी, ब्लेबी, एन्डरबी, विग्स्टन, हिंक्ली, ही सगळी लेस्टरच्या आजूबाजूची गावं. पॅकिंगला आमच्याकडं एक अण्णा आहेत, घरी कन्नड बोलतात, लेबलं लावता लावता एक दिवस मला म्हणाले, "ओ साहेब, ह्या लोकांच्या सगळ्या गावांना मागं बी-बी कशाला लावलंय? आमच्याकडं हळ्ळी लावतेत तसं काय?" अण्णांचा अंदाज इतका बरोबर होता की मला त्या प्रश्नाचं अजून कौतुक वाटतं. बी म्हणजे खरंच गाव, शेतावरची वस्ती. फक्त तो शब्द इंग्रजीचा नाही, डेन्मार्क-नॉर्वेकडनं आलेल्या लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेतला आहे, आणि हे मला त्या वेबसाइटवर कळलं.

वापरायला एकदम सोपं आहे. गावाचं नाव टाइप करायचं, किंवा काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं, ती निवडून त्यातली गावं बघत जायची. नाव निवडलं की वर एका ओळीत अर्थ येतो आणि खाली त्या नावाचे तुकडे पाडून दिलेले असतात, प्रत्येक तुकडा कुठल्या भाषेतला आणि त्याचा स्वतंत्र अर्थ काय. म्हणजे ग्रिम्सबी घेतलं तर ग्रिम हे माणसाचं नाव, बी म्हणजे गाव, झालं, ग्रिमचं गाव. ओडबी हे ऑडी नावाच्या कुणाचं तरी, ब्लेबी ब्लार नावाच्या माणसाचं. हजार-अकराशे वर्षांपूर्वी तिथं जमीन कसणारा कुणी एक माणूस, त्याच्याबद्दल दुसरं काहीही कुठं लिहिलेलं नाही, पण त्याचं नाव आजही आमच्या कार्टनवर छापून जातं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

माझा सल्ला असा की नाव नेहमी मागनं वाचायला घ्यायचं, शेवटचा तुकडा पकडला की अर्धं काम होतं. टन म्हणजे शेतवाडी, मग गाव. हॅम म्हणजे घर, वस्ती. ली म्हणजे जंगलात मोकळी केलेली जागा, म्हणून हिंक्ली म्हणजे हिंका नावाच्या माणसाची जंगल तोडून काढलेली जागा. फर्ड म्हणजे नदीतनं चालत पार व्हायची उताराची जागा, ऑक्सफर्ड म्हणजे बैलांचा उतार. बरी म्हणजे तटबंदीची जागा, आपल्याकडं कोट म्हणतो तसं. चेस्टर, सेस्टर, कॅस्टर ही सगळी एकाच शब्दाची रूपं, लॅटिनमध्ये रोमन सैन्याच्या छावणीला कास्त्रा म्हणायचे, तो शब्द तिथल्या लोकांनी उचलला आणि जिथं जिथं रोमन लोकांचे जुने तट-भिंती उभ्या दिसल्या तिथं लावून टाकला, मँचेस्टर, लँकास्टर, ग्लॉस्टर, आमचं रोजचं लेस्टर पण त्यातलंच. आणि थॉर्प. थॉर्प म्हणजे मोठ्या गावापासनं फुटून निघालेली छोटी वस्ती, आपली वाडी. लेस्टरजवळ काउंटेसथॉर्प नावाचं गाव आहे, कुण्या काउंटेसची, सरदारीणबाईंची वाडी. हे वाचलं तेव्हा मला थेट आपल्याकडच्या पाटलाची वाडी, देशमुखाची वाडी आठवली.

आता या नकाशातला मला सगळ्यात आवडलेला भाग, त्यावर जरा जास्त लिहिणार आहे.

८६५ साली डेन, म्हणजे डेन्मार्ककडच्या लोकांचं मोठं सैन्य इंग्लंडात उतरलं, ८७७ मध्ये त्यांनी मर्सिया नावाच्या राज्याचा एक हिस्सा आपल्यात वाटून घेतला आणि लोक जमिनीवर बसले. पुढं इंग्रजांचा राजा आल्फ्रेड आणि डेन लोकांचा गुथ्रम यांच्यात तह झाला, त्यात हद्द ठरली, थेम्स नदी, मग ली नदी, तिथनं बेडफर्ड, मग ऊझ नदीनं वर जाऊन वॉटलिंग स्ट्रीट. हा वॉटलिंग स्ट्रीट म्हणजे रोमन काळातला रस्ता, आजही वापरात आहे, आता त्याला ए-फाइव्ह म्हणतात, आणि लेस्टरशायर-वॉरिकशायर या दोन काउंट्यांची हद्द त्याच रस्त्यावरनं जाते. आता नकाशा उघडा आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंची गावं बघा. लेस्टरशायरच्या बाजूला ओडबी, ब्लेबी, एन्डरबी, रॅटबी, ग्रोबी, बार्कबी, गॅड्सबी, अ‍ॅशबी, मोजताना दमायला होतं. वॉरिकशायरच्या बाजूला गेलं की बी जवळजवळ बंद, टन आणि ली सुरू. तह मोडले, राज्यं गेली, राजे गेले, पण कोण कुठं येऊन बसलं होतं ते गावांच्या नावात राहिलं. वॉरिकशायरमध्ये एक ठळक नाव दिसतं ते रग्बी, खेळामुळं सगळ्यांना माहीत असलेलं, पण ते मुळात बी नव्हतंच, १०८६ च्या नोंदीत त्याचा शेवट बरीसारखा आहे, ह्रोका अशा नावाच्या माणसाचा कोट, नंतर शेजारच्या डेन बोलीच्या वाऱ्यानं बरीचं बी झालं.

ज्यानं सोलापूरहून अक्कलकोटच्या पुढं प्रवास केलाय त्याला हे समजवावं लागणार नाही. इकडं बार्शी-माढ्याच्या बाजूला गाव आणि वाडी, वाडी आणि गाव. अक्कलकोट तालुक्यात शिरलं की हन्नूर, तोळणूर, हालहळ्ळी, मैंदर्गी, करजगी. ऊर म्हणजे कन्नडमध्ये गाव, हळ्ळी म्हणजे खेडं. पाट्या मराठीत आहेत, एसटी महाराष्ट्राची आहे, पण नाव ऐकलं की कळतं इथं पिढ्यान्‌पिढ्या कुठली भाषा बोलतात. मी अण्णांना मोबाइलवर लेस्टरशायरचा नकाशा दाखवला तेव्हा त्यांनी दोन मिनिटांत हे जोडलं, एक अक्षर इंग्रजी न वाचता.

आणि माणसांच्या जमातीवरनं पडलेली नावं तर बघाच. डर्बीशायरमध्ये इंगलबी आहे, अर्थ काय तर इंग्रजांचं गाव. इंग्लंडमध्ये इंग्रजांचं गाव असं वेगळं का सांगावं लागलं, कारण आजूबाजूला सगळे डेन होते, त्यांच्यात हे एक गाव वेगळं दिसायचं आणि नाव ठेवणारे पण डेनच. त्याच भागात ब्रेटबी आहे, ब्रिटन लोकांचं गाव, म्हणजे डेन आणि इंग्रज दोघांच्याही आधीपासनं जे तिथं होते त्यांचं. लेस्टरशायरमध्ये फ्रिस्बी, ते फ्रिझियन लोकांचं, आताच्या हॉलंडकडच्या किनाऱ्यावरनं आलेले. आपल्या शहरात तेलंगी पाच्छा पेठ आहेच की, तेलुगू लोकांवरनं पडलेलं नाव. नाव बहुतेक वेळा शेजारी ठेवतो.

या नकाशाच्या जोडीला एक नियम शिकायला मिळतो, तो मी सगळ्यांना सांगत असतो. आजच्या स्पेलिंगवरनं अर्थ काढायचा नाही, सगळ्यात जुनं लिखाण शोधायचं. इंग्लंडचं नशीब असं की विल्यम राजानं १०६६ ला देश जिंकल्यावर वीस वर्षांनी सगळ्या मुलखाची पाहणी करून घेतली, कुणाकडं किती जमीन, किती नांगर, किती गिरण्या, ते डूम्सडे बुक, १०८६ सालचं. महसुलासाठी केलेलं काम, पण त्यात हजारो गावांची नावं त्या वेळी कारकुनाच्या कानाला जशी ऐकू आली तशी लिहिली गेली. त्याच्या आधीचे दानपत्रं वगैरे पण आहेत. त्यामुळं ग्लॉस्टरशायरमधलं अपर स्लॉटर ऐकून कत्तल झाली असेल असं कुणाला वाटलं तरी तो शब्द जुन्या इंग्रजीतल्या चिखलाच्या जागेवरनं आलाय. डेव्हनमधलं बिअर म्हणजे दारू नाही, झाडांची राई. एसेक्समधलं अग्ली म्हणजे अग्गा नावाच्या माणसाची जंगलातली मोकळी जागा, त्याचा कुरूपपणाशी काही संबंध नाही. खुद्द नॉटिंगहॅम आधी स्नॉटिंगहॅम होतं, स्नॉट नावाच्या माणसाच्या लोकांची वस्ती, पुढं नॉर्मन, म्हणजे विल्यम राजाबरोबर फ्रान्सकडनं आलेल्या लोकांच्या जिभेवर सुरुवातीचा स टिकला नाही.

सोलापूरचं पण अगदी हेच आहे. लहानपणापासनं सगळ्यांनी ऐकलेलं असतं की सोळा गावं मिळून सोलापूर झालं. ऐकायला छान आहे, पण जुना पुरावा वेगळं सांगतो, सिद्धरामेश्वरांच्या काळात, म्हणजे बाराव्या शतकात, गावाचं नाव सोन्नलगी असं येतं, कन्नड वचनांत सोन्नलिगे म्हणतात, आणि नंतरच्या शिलालेखात सोनलपूर अशा तऱ्हेचं रूप आहे. सोळा आकडा कुठंच नाही. माझं म्हणणं एवढंच की सोळा गावांची गोष्ट जरूर सांगा, पण पोरांना सोन्नलगी पण सांगा, कारण ते खरं आपलं जुनं नाव आहे आणि ते विसरलं जातंय याचं मला वाईट वाटतं.

पुढचा भाग सरकारी कागद बघणाऱ्यांसाठी. आपल्याकडं एकाच नावाची दोन गावं शेजारी असली की बुद्रुक आणि खुर्द. दोन्ही शब्द फारसी, थोरलं आणि धाकटं, कारण दफ्तर फारसीत चालायचं. इंग्लंडमध्ये हेच काम लॅटिननं केलंय. अ‍ॅशबी मॅग्ना आणि अ‍ॅशबी पार्वा, क्लेब्रुक मॅग्ना आणि क्लेब्रुक पार्वा, मॅग्ना म्हणजे मोठं, पार्वा म्हणजे लहान. शेतकरी कधी लॅटिन बोलत नव्हता, आपला शेतकरी पण फारसी बोलत नव्हता, कारकुनानं कागदावर लिहिलं आणि गावाला कायमचं चिकटलं. जिथं कागदाआधी लोकांच्या तोंडचं राहिलं तिथं ग्रेट आणि लिटल आहे. बाजारपेठ असली तर चिपिंग लागतं, चिपिंग नॉर्टन, चिपिंग कॅम्पडेन, ती आपली पेठ.

मग नॉर्मन सरदार आले, त्यांनी गावांच्या शेपटाला आपली आडनावं लावली. अ‍ॅशबी-द-ला-झूश हे नाव बघा, अ‍ॅशबी म्हणजे अ‍ॅश झाडांचं गाव, त्यावर ला झूश हे ब्रिटनी प्रांतातनं आलेलं घराणं. एका नावात डेन, इंग्रज, फ्रेंच सगळे. मेल्टन मोब्रे, स्टोक मँडेविल, किबवर्थ बीचम आणि त्याच्या शेजारी किबवर्थ हारकोर्ट, हे पण तसंच, दोन घराण्यांत वाटलेलं एक किबवर्थ. यात फार खोल जायची गरज नाही, एकदा लक्षात आलं की दुसरा शब्द फ्रेंच आडनाव आहे की पुढची सगळी आपोआप ओळखता येतात.

खाण्यापिण्याची आणि जनावरांची नावं वाचायला मजा येते आणि त्यातनं कुठं काय पिकायचं ते कळतं. लंडनमधलं चिझिक म्हणजे चीज करायची वाडी, आणि उत्तरेला डोंगरात केझिक, अर्थ तोच, फक्त तिथं नॉर्स बोलणाऱ्यांच्या तोंडात च चा क झाला. बटरविक लोण्याचं. गॅटविक, जिथं आज विमानतळ आहे, ती शेळ्यांची वाडी. स्विंडन म्हणजे डुकरांची टेकडी. बार्टन म्हणजे जवाचं खळं-कोठार, आणि लेस्टरशायरमधल्या एका बार्टनला बार्टन इन द बीन्स म्हणतात, शेंगांच्या पिकामुळं. दक्षिण सोलापुरात आपली तांदूळवाडी आहे, हे नाव त्याच रांगेत बसतं.

सगळ्यात खाली, सगळ्यात जुना थर नद्या आणि डोंगरांचा. एव्हन नावाच्या नद्या इंग्लंडात अनेक आहेत कारण ब्रिटन लोकांच्या जुन्या भाषेत त्या शब्दाचा अर्थच नदी. नंतर आलेल्यांना वाटलं हे नदीचं नाव. लेस्टरशायरमध्ये ब्रीडन ऑन द हिल आहे, ब्री म्हणजे जुन्या ब्रिटन भाषेत टेकडी, डन म्हणजे जुन्या इंग्रजीत टेकडी, आणि हिल. तीनदा टेकडी. लँकाशायरच्या पेंडल हिलचं पण असंच. प्रत्येक वेळी नवीन लोक आले, जुना शब्द कळला नाही, पण टाकला पण नाही, त्याच्यावर आपला शब्द चढवला. यॉर्कचं नाव तर रोमन काळात एबोराकम, मग इंग्रजांचं एओफोरविक, मग डेन लोकांचं योर्विक, आणि घासून घासून यॉर्क. चादरीची एक बाजू उलटून धागे बघावेत तसं वाटतं हे सगळं बघताना.

आता व्यवहाराचं बोलू. सगळा मजकूर इंग्रजीत आहे, पण वाक्यं छोटी आहेत, दहावीपर्यंतचं इंग्रजी असलं की पुरतं. या नकाशाचं काम अर्थ सांगणं, ते तो चोख करतो. ज्याला प्रत्येक गावाची जुनी स्पेलिंगं सालासकट ओळीनं बघायची आहेत त्यानं इंग्लिश प्लेस-नेम सोसायटीच्या खंडांकडं वळावं, ही संस्था १९२३ मध्ये सुरू झाली, एकेक काउंटी घेऊन खंड काढत आली, नव्वदहून जास्त झालेत आणि काम अजून चालू आहे. शंभर वर्षं एकाच कामाला चिकटून राहणं मला फार आदराचं वाटतं.

उच्चारासाठी मात्र वेगळी तयारी करा, विशेषतः फोनवर बोलायचं असेल तर. ग्रोबीला ग्रूबी म्हणतात. बेल्व्हॉयर असं लिहिलेलं बीव्हर असं बोलतात, फ्रेंचमध्ये छान देखावा असा अर्थ होता. लफबरा (Loughborough), नॉरफोकमधलं विंडम (Wymondham) आणि हेझबरा (Happisburgh), ही नावं लिहिलेली बघून कुणालाही असा उच्चार सुचणार नाही. आमच्या ऑफिसला नवीन येणाऱ्या पोरांना मी आता गिऱ्हाइकाच्या गावाचं नाव कसं म्हणायचं ते आधी शिकवतो, पलीकडच्या माणसाला आपल्या गावाचं नाव बरोबर ऐकू आलं की बोलणं मोकळं होतं.

कुणी वापरावं? भूगोल-इतिहासाच्या शिक्षकांनी तर नक्की. तिकडं शिकायला, नोकरीला गेलेली आपली पोरं आहेत, त्यांनी ज्या गावात राहतात त्याचं नाव एकदा टाकून बघावं आणि घरी फोनवर आईवडिलांना सांगावं. क्रिकेटवाल्यांना काउंटीची नावं पाठ असतातच. आणि आपल्या जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांसाठी मराठी-कन्नड-फारसी तुकडे पाडून असा नकाशा कुणी करत असेल तर मला त्यात बसून डेटा भरायला आवडेल, रविवार मोकळा असतो, अण्णा पण येतो म्हणालेत, कन्नड गावांचं त्यांना विचारता येईल.

पहिल्यांदा उघडणाऱ्यानं लेस्टरशायरपासनं सुरुवात करावी, तिथं सगळे थर एकत्र बघायला मिळतात. मग नॉरफोक, तिथं हॅम आणि इंगहॅम, म्हणजे अमक्याच्या लोकांची वस्ती. मग कंब्रिया, तिथं थ्वेट नावाचा तुकडा भेटेल, नॉर्स लोकांनी झाडं तोडून मोकळी केलेली जागा, ली चाच चुलतभाऊ. मी सध्या तिथंच आहे.